बेरीज दिली आहे, पदं किती?

पत्र: नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. मुलगा दहावीत आहे. चौथीपर्यंत मराठी शाळेत होता, हायस्कूल इंग्रजी माध्यमाचं. माझं स्वतःचं गणित दहावीपर्यंतचं, पण अवयव पाडणं, भागाकारानं वर्गमूळ काढणं अजून येतं. त्याचं अडतं ते अंकगणिती श्रेढीच्या, म्हणजे सारख्याच फरकानं वाढत किंवा उतरत जाणाऱ्या संख्यांच्या, एकाच प्रकारात. बेरीज दिलेली असते आणि पदं किती ते विचारलेलं असतं. वर्गसमीकरणापर्यंत तो बिनचूक येतो आणि मग मोबाइल उचलतो. परवाचं उदाहरण असं: एका कुळागरात (सुपारीच्या बागेत) पोफळींच्या पहिल्या रांगेत १३ झाडं, पुढच्या प्रत्येक रांगेत ३ जास्त, एकूण झाडं १९०४, तर रांगा किती? सूत्रात किमती घातल्यावर ४६२२५ चं वर्गमूळ आलं आणि तिथंच तो अडकला. शिवाय कधीकधी दोन उत्तरं येतात, त्यांतलं कुठलं ठेवायचं हे त्याला कळत नाही. पेपरात कॅल्क्युलेटर नसतो. काय करावं?
— एक आई, डिचोली

ताई, तुमच्या मुलाला समीकरण बिनचूक मांडता येतं, म्हणजे अवघड काम झालेलंच आहे. पुढं तो अडतो, कारण श्रेढीतून आलेलं समीकरण तो इतर कुठल्याही वर्गसमीकरणासारखं सोडवायला घेतो. खरं तर या समीकरणाबद्दल सोडवण्याआधीच दोन गोष्टी ठाऊक असतात. उत्तर पूर्ण संख्या आहे, आणि ते साधारण केवढं असेल हे तोंडी काढता येतं. या दोन गोष्टी वापरल्या तर कॅल्क्युलेटरची आठवणही येणार नाही.

त्याच्या वहीत ए, डी, एन, एस अशी अक्षरं असतील. इथं अ म्हणजे पहिलं पद, ड म्हणजे लागोपाठच्या दोन पदांतला फरक, न म्हणजे पदांची संख्या आणि स म्हणजे बेरीज. नेहमीचं सूत्र असं:

स = न/२ × [२अ + (न − १) × ड]

दोन्ही बाजूंना २ नं गुणून चौकटी कंसातलं आवरलं की:

न × (ड × न + २अ − ड) = २स

कुळागराच्या उदाहरणात अ = १३, ड = ३. २अ − ड = २६ − ३ = २३. म्हणून:

न × (३न + २३) = ३८०८

इथं त्याला थांबायला सांगा. मुलं या ओळीवर क्षणभरही थांबत नाहीत, लगेच कंस सोडवून ३न² + २३न − ३८०८ = ० लिहितात आणि वर्गसमीकरणाच्या सूत्राकडे वळतात. पण सगळी माहिती या गुणाकाराच्या ओळीतच आहे. दोन पूर्ण संख्यांचा गुणाकार ३८०८ आहे. त्यांतली लहान संख्या म्हणजे रांगा. मोठी संख्या म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या रांगेतल्या झाडांची बेरीज, कारण २अ + (न − १)ड म्हणजे पहिलं पद अधिक शेवटचं पद. पडताळ्याला ही दुसरी संख्या फार कामाची आहे, ते पुढं येईलच.

आता अंदाज. ३८०८ ला ३ नं भागलं की १२६९ च्या आसपास येतात. ३५ चा वर्ग १२२५, ३६ चा १२९६, म्हणजे मूळ सुमारे ३५.६. समीकरणात २३न नसतं तर उत्तर एवढं आलं असतं. २३न मुळे ते खाली येतं, आणि किती खाली येतं तेही ठरलेलं आहे: २३ भागिले ‘३ ची दुप्पट’, म्हणजे २३/६, सुमारे ३.८. ३५.६ मधून ३.८ गेले, राहिले ३१.८. ड धन असताना खरं उत्तर या अंदाजापेक्षा नेहमी थोडं जास्तच असतं, कमी कधीच नसतं. कारण पूर्ण वर्ग पद्धतीनं सोडवलं तर मुळाच्या चिन्हाखाली १२६९ मध्ये २३/६ चा वर्ग मिळवलेला असतो, आणि अंदाज काढताना आपण तो सोडून दिला. तेव्हा ३१.८ च्या लगेच वरची पूर्ण संख्या ३२. ताळा पाहा: ३८०८ ÷ ३२ = ११९ आणि ३ × ३२ + २३ = ११९. जुळलं. रांगा ३२.

शेवटच्या रांगेत १३ + ३१ × ३ = १०६ झाडं. १३ + १०६ = ११९. हा दुसरा ताळा.

एवढं कच्च्या कामाच्या बाजूला करायचं. उत्तरपत्रिकेत नुसतं ३२ लिहून चालणार नाही, रीत दाखवावीच लागते. पण उत्तर हाती असलं की मधल्या पदाची फोड शोधत बसावं लागत नाही. ३२ ला ३ नं गुणलं की ९६, आणि दुसरा आकडा ११९:

३न² + २३न − ३८०८ = ०
३न² + ११९न − ९६न − ३८०८ = ०
न(३न + ११९) − ३२(३न + ११९) = ०
(३न + ११९)(न − ३२) = ०

न = ३२ किंवा न = −११९/३. पदांची संख्या ऋण अपूर्णांक असू शकत नाही, म्हणून न = ३२. ही शेवटची ओळ कारणासकट लिहायची. नुसतं दुसरं उत्तर खोडून पुढं जायचं नाही.

अंदाज न काढता सरळ फोड शोधायची झाली तर? गुणाकार ३ × ३८०८ आणि फरक २३ असलेल्या दोन संख्या हव्यात. इथं मुलं ११४२४ चे सगळे विभाजक मांडत बसतात आणि वेळ जातो. त्याऐवजी मूळ अवयव पाडायचे, आणि गुणून टाकलेल्या मोठ्या संख्येचे न पाडता गुणण्याआधीच पाडायचे: ३८०८ = २ × २ × २ × २ × २ × ७ × १७. त्यात बाहेरचा ३. आता फरक २३ विषम आहे, म्हणजे दोन संख्यांपैकी एक सम, एक विषम. विषम संख्येत २ एकही नसतो, म्हणून पाचही २ एकाच संख्येत गेले पाहिजेत. सम संख्या ३२ च्या पटीतलीच असणार. ११४२४ चं मूळ १०७ च्या जरासं खाली, आणि दोन संख्या त्याच्या दोन बाजूंना साधारण ११-१२ अंतरावर. खालची ९५-९६, वरची ११८-११९. ३२ च्या पटीतली ९६ तिथं समोरच उभी आहे. उरले ७ × १७ = ११९. फरक २३. झालं.

हा नियम २ पुरता नाही. जो मूळ अवयव गुणाकारात आहे पण फरकात नाही, त्याच्या सगळ्या प्रती एकाच बाजूला जातात. इथं ३ एकदाच होता, म्हणून त्याचा प्रश्नच आला नाही. गुणाकारात ३ दोनदा असता आणि फरकाला ३ नं भाग जात नसता, तर ९ अखंड एकीकडे गेला असता. एवढ्या एका गोष्टीनं तपासायच्या जोड्या निम्म्याहून कमी होतात. अवयव पाडायला मुलांना शाळेत शिकवतात, पण ते कुठल्या बाजूला टाकायचे हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिलं.

अंदाजाची रीत कुठं फसते तेही सांगते. पहिलं पद फरकाच्या मानानं फार मोठं असलं की ती निकामी होते. समजा पहिल्या आठवड्यात १०० रुपये बाजूला टाकले, पुढं दर आठवड्याला २ रुपये वाढवले, आणि एकूण १७१० झाले. समीकरण न × (२न + १९८) = ३४२०, दोन्ही बाजूंना २ नं भागून न × (न + ९९) = १७१०. वरच्या रीतीनं ४१.४ मधून ४९.५ वजा करायला लागतात आणि ऋण संख्या येते. कारण उघड आहे: इथं ९९न हेच मुख्य, न² त्यापुढं चिल्लर. अशा वेळी सरळ बेरजेला पहिल्या पदानं भागा. १७१० ÷ १०० = १७.१. पदं वाढत जात आहेत, म्हणून पदांची संख्या १७ हून जास्त असणार नाही. १७१० चे मूळ अवयव २, ३, ३, ५, १९. त्यांतून १७ पर्यंतचे मोठे विभाजक १५, १०, ९. १५ घेतलं तर दुसरी संख्या ११४, आणि १५ + ९९ = ११४. आठवडे १५. तेव्हा आधी पाहायचं की २अ − ड हा ड च्या किती पट आहे. पाच-दहा पट असेल तर मुळाची रीत, पन्नास-शंभर पट असेल तर भागाकाराची.

आता त्या वर्गमुळाकडे वळते, कारण काही वेळा अवयव खरंच अवघड असतात आणि सूत्रच वापरावं लागतं. विवेचक (सूत्रात मुळाच्या चिन्हाखाली येणारी संख्या) काढताना पहिली काळजी ही की ४ × ३ × ३८०८ हा गुणाकार शांतपणे करायचा: १२ × ३८०८ = ४५६९६, त्यात २३ चा वर्ग ५२९, एकूण ४६२२५.

शेवटी २५ असलेली संख्या दिसली की मुळाच्या एककस्थानी ५. उरलेले ४६२ हे लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार असायला हवेत: २१ × २२ = ४६२. मूळ २१५. भागाकार मांडायचीही गरज नाही. मग न = (२१५ − २३)/६ = १९२/६ = ३२.

प्रत्येक विवेचक इतका सरळ नसतो. दुसरं उदाहरण घेऊ: ८, १३, १८… या श्रेढीच्या किती पदांची बेरीज ९०९? इथं २अ − ड = ११, समीकरण ५न² + ११न − १८१८ = ०, विवेचक १२१ + ३६३६० = ३६४८१. तुम्हाला येते ती भागाकाराची रीत त्याला इथं दाखवा. त्याला ती अजून नीट बसलेली नसेल तर दोन संध्याकाळी बसवून घ्या, हा वेळ वाया जाणार नाही. उजवीकडून दोन-दोन अंकांचे गट: ३, ६४, ८१. पहिला १, बाकी २. खाली ६४ उतरवले, २६४. १ ची दुप्पट २, त्यापुढं ९ ठेवून २९ × ९ = २६१, बाकी ३. ८१ उतरवले, ३८१. १९ ची दुप्पट ३८, त्यापुढं १ ठेवून ३८१ × १ = ३८१, बाकी शून्य. मूळ १९१. न = (१९१ − ११)/१० = १८.

याहून जवळची वाट आहे. ३६४८१ च्या शेवटी १, म्हणून मुळाच्या शेवटी १ किंवा ९. १९० चा वर्ग ३६१००, २०० चा ४००००. मूळ १९१ किंवा १९९. आता मोजायचंही नाही. मुळातून ११ वजा करून १० नं भाग जायला हवा. १९९ − ११ = १८८, भाग जात नाही. १९१ − ११ = १८०, जातो. कारण अ आणि ड धन असले की श्रेढीच्या समीकरणात विवेचकाचं धन मूळ नेहमी २ × ड × न + (२अ − ड) एवढंच असतं. म्हणजे त्याला २ड नं भागल्यावर २अ − ड ला भागल्यावर उरते तीच बाकी उरली पाहिजे. ही खूण फक्त श्रेढीपुरती चालते, इतर वर्गसमीकरणांत नाही. आणि समीकरणाला आधी एखाद्या संख्येनं भागून लहान केलं असेल तर विवेचकही लहान होतो, तेव्हा भाजकही त्याच प्रमाणात लहान धरायचा.

ही रीत फार जुनी आहे. आर्यभटानं ४९९ सालच्या आर्यभटीयात, गणितपादात, बेरजेवरून पदांची संख्या काढायचा नियम दिला आहे: बेरजेला ८ नं आणि फरकानं गुणा, त्यात पहिल्या पदाची दुप्पट उणे फरक याचा वर्ग मिळवा, मूळ काढा, त्यातून पहिल्या पदाची दुप्पट वजा करा, फरकानं भागा, १ मिळवा, निम्मं करा. कुळागराचं उदाहरण यात घालून पाहा: ४६२२५ चं मूळ २१५, उणे २६ म्हणजे १८९, भागिले ३ म्हणजे ६३, अधिक १ म्हणजे ६४, निम्मे ३२. आणि त्याच गणितपादात वर्गमूळ काढायची रीतही आहे, दोन-दोन स्थानं घेत जाणारी, तुम्ही शाळेत शिकलात तिचीच पूर्वज. पुढं भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत श्रेढीचं स्वतंत्र प्रकरणच आहे. मुलाला हे जरूर सांगा. जी गोष्ट कॅल्क्युलेटरशिवाय अशक्य वाटते, तिची रीत दीड हजार वर्षांपूर्वी कॅल्क्युलेटरशिवाय करण्यासाठीच बांधलेली आहे.

विवेचक पूर्ण वर्ग निघाला नाही तर? ‘किती पदांची बेरीज अमुक’ असं विचारलं असेल तर तो पूर्ण वर्गच असतो. नसेल तर चूक मागं कुठंतरी झाली आहे, आणि वर्गमूळ ओढत बसण्याऐवजी मागं जायचं. पटकन ओळखायच्या दोन खुणा आहेत. शेवटचा अंक २, ३, ७ किंवा ८ असेल तर संख्या पूर्ण वर्ग नाही. विषम पूर्ण वर्गाला ८ नं भागल्यावर बाकी १ च उरते, आणि ते पाहायला शेवटचे तीन अंक पुरतात: ४६२२५ मधले २२५, बाकी १, ३६४८१ मधले ४८१, बाकी १. याला एक अपवाद आहे. ‘बेरीज २००० पेक्षा जास्त व्हायला कमीत कमी किती पदं’ असं विचारलं तर विवेचक पूर्ण वर्ग नसला तरी काही बिघडत नाही. कुळागराच्या श्रेढीत तो ४८५२९ येतो. २२० चा वर्ग ४८४००, म्हणजे मूळ २२० हून किंचित मोठं, न ३२.८ च्या थोडा पुढं, उत्तर ३३. पडताळा: ३२ रांगांत १९०४, ३३ रांगांत २०१३.

आता तुमचा दुसरा प्रश्न, दोन उत्तरांचा. फरक धन आणि पहिलं पदही धन असेल तर एक उत्तर धन, एक ऋण; ऋण सोडायचं. तिथं गोंधळ नाही. गोंधळ होतो तो उतरत्या श्रेढीत. ४२, ३८, ३४… च्या किती पदांची बेरीज २१०? न × (४४ − २न) = २१०, म्हणजे न² − २२न + १०५ = ०. इथं सूत्रही नको. दोन उत्तरांची बेरीज २२, म्हणजे मध्य ११. ११ चा वर्ग १२१, त्यातून १०५ गेले, उरले १६, त्याचं मूळ ४. उत्तरं ११ − ४ = ७ आणि ११ + ४ = १५.

दोन्ही बरोबर आहेत, आणि का ते पदं लिहून दाखवल्याशिवाय मुलांना पटत नाही. सातवं पद १८. आठव्यापासून पंधराव्यापर्यंतची पदं १४, १०, ६, २, −२, −६, −१०, −१४. यांची बेरीज शून्य. सात पदांनंतर ही आठ पदं मिळवली तरी बेरीज जागची हलत नाही. नुसती संख्यांची श्रेढी असेल तर उत्तरात ७ आणि १५ दोन्ही लिहायची, आणि खाली हे कारण एका वाक्यात द्यायचं.

हेच उदाहरण शब्दांत आलं की निवाडा बदलतो. मंगळुरी कौलं रचून ठेवली आहेत, सगळ्यांत खालच्या थरात ४२, वरच्या प्रत्येक थरात ४ कमी, एकूण २१०, तर थर किती? समीकरण तेच, उत्तरंही तीच दोन. पण १५ थर धरले तर पंधराव्या थरात −१४ कौलं येतात. उत्तर ७ च. म्हणून शाब्दिक उदाहरणात दोन्ही धन पूर्ण उत्तरं आली की मोठं उत्तर घेऊन शेवटचं पद काढायचं. ते ऋण आलं आणि वस्तू मोजायच्या असल्या की ते उत्तर बाद.

तिसरीही शक्यता असते. ४०, ३७, ३४… बेरीज २६५. ३न² − ८३न + ५३० = ०, विवेचक ६८८९ − ६३६० = ५२९, मूळ २३. न = १० किंवा ५३/३. दुसरं उत्तर धन आहे म्हणून मुलं ते ठेवतात. पण पदांची संख्या अपूर्णांक कशी असेल? फक्त १०. आणि ४२, ३८, ३४… ची बेरीज २५० कधी, असं विचारलं तर न² − २२न + १२५ = ०, विवेचक −१६. तशी बेरीज कधीच होत नाही. या श्रेढीची बेरीज जास्तीत जास्त २४२ पर्यंत जाते, ११ पदांना.

चुका कुठं होतात ते पाहू. सर्वांत जास्त चुका उतरत्या श्रेढीच्या कंसात होतात. (न − १) × (−४) म्हणजे −४न + ४. दुसरं चिन्ह उणे राहिलं की ४४ च्या जागी ४० येतात आणि पुढचं सगळं बिघडतं. त्याला पहिल्या सूत्राऐवजी थेट २अ − ड लिहायची सवय लावा: ८४ − (−४) = ८८, मग २ नं भागून ४४. एकच वजाबाकी, एकच जागा तपासायची. दुसरी चूक म्हणजे छेदातला २ दुसऱ्या बाजूला नेताना बेरीज दुप्पट करायला विसरणं. ३८०८ च्या जागी १९०४ राहिलं तर विवेचक ५२९ + २२८४८ = २३३७७ येतो, शेवटी ७, म्हणजे पूर्ण वर्ग नाही, आणि चूक तिथंच पकडता येते.

पदं अपूर्णांकी असली तर आधीच गुणून पूर्ण करा. २, २½, ३… ची बेरीज ५७ हवी असेल तर सगळ्याची दुप्पट करा: ४, ५, ६… बेरीज ११४. न × (न + ७) = २२८, आणि १२ × १९ = २२८. पदं १२. फक्त पदांची दुप्पट केली आणि बेरजेची विसरलं की उत्तर चुकतं. पदांची संख्या मात्र दुप्पट होत नाही, हेही एकदा स्पष्ट सांगावं लागतं.

याच धड्यात आणखी एक प्रकार येतो, श्रेढीतल्या तीन किंवा चार संख्या काढायचा. तीन असतील तर अ − ड, अ, अ + ड धरायच्या. बेरीज २७ दिली की अ = ९ लगेच मिळतो. गुणाकार ५८५ दिला तर ९ × (८१ − ड²) = ५८५, ८१ − ड² = ६५, ड² = १६. संख्या ५, ९, १३. ५८५ ला आधी ९ नं भागा, नाहीतर ७२९ − ९ड² करत बसावं लागतं. चार संख्या असतील तर अ − ३ड, अ − ड, अ + ड, अ + ३ड. इथं लागोपाठच्या पदांतला फरक २ड असतो. शेवटी फरक विचारला की मुलं ड लिहून मोकळी होतात, तेवढं जपायला सांगा.

घरी सराव करून घ्यायला पुस्तकाबाहेरची उदाहरणं हवी असतील तर ती तुम्ही स्वतः तयार करू शकता, आणि उत्तर तुमच्याजवळ आधीच असतं. अ, ड आणि न मनानं ठरवा, बेरीज काढा, न झाकून ठेवा. आधी लहान न घ्या, ८-१० पर्यंतचे, मग २०-३० चे. प्रत्येक उदाहरणात त्यानं समीकरण सोडवण्याआधी अंदाज कोपऱ्यात लिहिला पाहिजे, एवढी एकच अट घाला. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत रोज दोन उदाहरणं झाली तरी पुष्कळ.

सुरुवातीला ही तीन द्या. ५, ११, १७… बेरीज १६३३; अंदाज सुमारे २३ येतो, आणि १६३३ = २३ × ७१, म्हणून पदं २३. ७, ११, १५… बेरीज ९००; न × (२न + ५) = ९००, विवेचक ७२२५, मूळ ८५, पदं २०. आणि ३०, २७, २४… बेरीज १५६; न² − २१न + १०४ = ०, उत्तरं ८ आणि १३. या तिसऱ्यात नवव्यापासून तेराव्यापर्यंतची पाच पदं त्याला स्वतः लिहायला लावा: ६, ३, ०, −३, −६.